सब्ज्याचं भावंड: बेळगावच्या कुंडीतलं बेसिल आणि त्याचा ठेचा

फालुद्यात भिजून टपोरा होणारा सब्जा आणि पिझ्झ्यावर घातलेलं बेसिल ही एकाच जातीची झाडं. दोघांचं शास्त्रीय नावही एकच: ऑसिमम बॅसिलिकम. वृंदावनातली तुळस याच कुळातली, पण जात वेगळी. बेळगावात रविवार पेठेतल्या किराणा दुकानांत सब्जा मिळतो. दुकानदार कन्नड बोलणारा असेल तर ‘कामकस्तूरी’ मागावी, तेच बी.

मग किराण्यातला सब्जा पेरून बेसिल मिळेल का? झाड येईल, पान खाताही येईल. पण सब्जा बियांसाठी जोपासलेला वाण आहे. त्याचं पान लहान, वास जरा उग्र, आणि रोप वीतभर झालं की तुरा काढायची घाई. सरबतात, कोशिंबिरीत ते पान चालतं. पेस्टो (बेसिलचा इटालियन ठेचा) करायचा असेल, टोमॅटोच्या सॉसमध्ये घालायचं असेल तर ‘जिनोव्हीज’ किंवा ‘स्वीट बेसिल’ असं छापलेलं पाकीट घ्या. याचं पान वाटीसारखं फुगीर, मऊ आणि मोठं असतं. ‘थाई बेसिल’चा दांडा जांभळट, पान टोकदार आणि वासाला बडीशेपेची छटा, उन्हापावसाला ते जास्त टिकतं. पहिल्यांदा लावणाऱ्याने एक कुंडी जिनोव्हीज आणि एक थाई लावावं. जांभळ्या पानाचं बेसिल दिसायला देखणं, पण स्वयंपाकात त्याचा उपयोग मर्यादित.

बी कधी टाकायचं हे इथल्या हवेवर ठरतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर. उन्हाळा इथे फार छळत नाही. बेसिलला छळतो तो पाऊस, आणि त्याखालोखाल डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रींचा गारठा. पारा १० अंशांच्या आसपास गेला की बेसिलची पानं काळपट पडतात, वाढ थांबते. म्हणून पहिला आणि सगळ्यात चांगला हंगाम घटस्थापनेचा. घरात घट बसतात त्याच आठवड्यात बेसिलचं बी टाकलं की पाऊस ओसरलेला असतो, माती ऊबदार असते आणि थंडी पडेपर्यंत रोप चांगलं पसरतं. दुसरा हंगाम संक्रांतीनंतर, जानेवारी अखेर ते फेब्रुवारी. ते रोप मे महिन्यापर्यंत पानं देतं.

जून ते ऑगस्टमध्ये नवीन बी टाकू नये. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे संततधार लागली की उघड्यावरचं बेसिल आठवड्याभरात सडतं. तिकडे दोनच कुंड्या पडवीत किंवा पारदर्शक पत्र्याखाली ठेवून जगवाव्यात. निपाणी-चिकोडी पट्ट्यात पावसाला उघडीप मिळते, तिथे पावसाळ्यातही पीक निभावतं. अथणी-रायबागकडे मात्र एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात हिरव्या जाळीची सावली हवी. वळिवाचं आभाळ भरून आलं की कुंड्या आत घ्या. टपोऱ्या थेंबांनी आणि गारांनी मऊ पान फाटतं, आणि फाटलेलं पान रात्रीत काळं होतं.

कुंडीची माती

एका झाडाला ८ इंची कुंडी पुरते, तीन झाडांना १२ इंची. तळाला भोक हवंच, आणि ते खापरीच्या तुकड्याने झाकावं, बुजवू नये.

खानापूर, बेळगावकडची तांबडी माती पाणी लवकर सोडते, म्हणून बेसिलला आवडते. पण ती आंबट असते आणि तिच्यात कस कमी. प्रमाण असं घ्यावं: दोन भाग तांबडी माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). १० इंची कुंडीमागे दोन चमचे चाळलेली चुलीची राख मिसळली की आंबटपणा थोडा कमी होतो. निपाणी, चिकोडीकडच्या काळ्या मातीवर एकटीवर भरवसा ठेवू नये. कुंडीत ती ओली झाली की लगदा होते आणि वाळली की भेगाळून मुळं तोडते. ती एक भाग, जाडी वाळू एक भाग, शेणखत एक भाग आणि कोकोपीट एक भाग घ्यावं. शेणखत कच्चं असेल, म्हणजे हातात घेतल्यावर वास येत असेल किंवा गरम लागत असेल, तर ते वापरूच नका. बेसिलचं कोवळं मूळ त्याने जळतं, शिवाय हुमणी सोबत येते ती वेगळीच.

बी टाकणं

बेसिलचं बी बारीक असतं, एका ग्रॅममध्ये ६००-७०० दाणे. तंबाखूचं बी याहून कितीतरी बारीक; निपाणीकडे तरू (लावणीची रोपं) टाकताना ते राखेत किंवा वाळूत मिसळून फेकतात, म्हणजे एके ठिकाणी पडत नाही. बेसिललाही तीच युक्ती करावी: चिमूटभर बी, मूठभर कोरडी बारीक वाळू, आणि ते मिश्रण ट्रेमध्ये किंवा पसरट कुंडीत भुरभुरावं. वर चाळलेल्या मातीचा अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त थर नको.

बी आधी भिजवू नये. मेथी-कोथिंबिरीच्या सवयीने बरेच जण भिजवतात आणि मग सब्ज्यासारखा चिकट गोळा हातात येतो, त्यातला दाणा दाण्यापासून सुटत नाही. कोरडंच पेरा आणि मग पंपाने फवारून पाणी द्या. दहा मिनिटांनी जवळून पाहिलं तर प्रत्येक दाण्याभोवती निळसर-करड्या जेलीचा मणी तयार झालेला दिसतो. ती बुरशी नव्हे. तो वेष्टनाचा चीक दाण्याला ओलावा धरून देतो. उकरून फेकू नका.

ऊबदार हवेत ५ ते ८ दिवसांत उगवण होते, गारठ्यात दोन आठवडेही लागतात. पहिली दोन पानं गोलसर, इंग्रजी ‘डी’ अक्षर पाठीला पाठ लावून ठेवावं तशी. ती दिसताच ट्रे उजेडात आणा. सावलीत ठेवलेली रोपं दोऱ्यासारखी लांबतात आणि मग मातीलगत कोलमडतात. कोलमडण्याचं दुसरं कारण म्हणजे सतत ओली माती: खोड मातीजवळ पिचकतं, पाणचट तपकिरी होतं आणि रोप आडवं पडतं. एकदा पडलेलं रोप उठत नाही. शेजारची वाचवायची तर पाणी थांबवा, गर्दी विरळ करा, वारा खेळू द्या.

खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की रोपं मोठ्या कुंडीत लावावीत, दोन रोपांत २० ते २५ सेंटिमीटर अंतर ठेवून. लावणी संध्याकाळी करा, आणि पहिले तीन दिवस फक्त सकाळचं ऊन द्या.

बी नसेल तर फांदी चालते. न फुललेली १० सेंटिमीटरची फांदी पेऱ्याच्या खाली तिरकी कापून, खालची पानं काढून पाण्याच्या ग्लासात उभी करावी. पाणी दिवसाआड बदललं की एक-दोन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. बोटाच्या पेराएवढी झाली की मातीत लावा. पावसाळ्याच्या तोंडावर जुन्या झाडाच्या अशा दोन-तीन फांद्या घरात उभ्या करून ठेवल्या तर वाण हातून जात नाही.

खुडणी: सगळं पीक इथे ठरतं

बेसिल लावणारे बहुतेकजण एकच चूक करतात. पान लागलं की खालचं मोठं पान तोडतात आणि शेंडा ‘वाढू दे’ म्हणून सोडून देतात. झाड उंच, काटकुळं होतं, दोन महिन्यांत तुरा येतो आणि पानं बारीक, कडवट होऊन संपतात. काम उलटं करायचं असतं: खालची मोठी पानं झाडाचं स्वयंपाकघर, ती राहू द्यावीत आणि शेंडा खुडावा.

तंबाखू पिकवणाऱ्या घरांत हे समजवायला वेळ लागत नाही. तंबाखूचा शेंडा खुडतात, नंतर पानांच्या बगलेतले फुटवेही काढत राहतात, म्हणजे सगळा जोर ठेवलेल्या पानांत उतरतो. बेसिलला यातलं अर्धंच काम करायचं: शेंडा खुडायचा आणि फुटवे जपायचे.

रोप वीतभर झालं, पानांच्या चार जोड्या आल्या की खालून दुसऱ्या जोडीच्या अगदी वर, अर्धा सेंटिमीटर दांडा ठेवून, नखाने किंवा छोट्या कात्रीने शेंडा काढा. कापण्याआधी त्या जोडीच्या बगलेत नीट पाहा: तांदळाच्या कणीएवढे दोन हिरवे कोंब बसलेले दिसतील. कोंब दिसत असतील तिथेच कापायचं. शेंडा गेला की आठवड्याभरात ते दोन्ही कोंब फांद्या होतात. एकाचे दोन. त्या प्रत्येक फांदीला तीन जोड्या आल्या की पुन्हा तसंच. दोनाचे चार, चाराचे आठ. दीड-दोन महिन्यांत झाड उंचीपेक्षा रुंदीने जास्त भरतं.

ऊबदार दिवसांत दर दोन आठवड्यांनी, थंडीत तीन-चार आठवड्यांनी खुडणी करावी. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त काढू नये. पानं हवी असोत वा नसोत, खुडणी चुकवायची नाही. जास्तीची शेजारी द्यावी. फांदीच्या टोकाला पानं एकमेकांजवळ येऊन चौकोनी मनोऱ्यासारखी रचली जाऊ लागली की तो तुरा. फूल उमलायची वाट न बघता खालच्या जोडीपर्यंत ती फांदी मागे कापा. नुसती फुलं तोडून भागत नाही, दुसऱ्या दिवशी शेजारून तुरा निघतो. खोड लाकडासारखं तपकिरी झालं की झाड म्हातारं झालं. तिथून पुढे कष्ट घेण्यात अर्थ नाही, नवं रोप तयार ठेवावं.

खुडणीची वेळ सकाळची, दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आधी. दुपारी तोडलेलं पान कोमेजलेलं असतं आणि त्याचा वासही निम्मा झालेला असतो.

पाणी, खत आणि दुखणी

दिवसाला किमान ६ तास ऊन द्यावं. पाणी सकाळी, मुळाशी. बोटाचं एक पेर मातीत खुपसून कोरडं लागलं तरच. पानांवर पाणी घालू नये. ओलं पान रात्री घेऊन झोपणारं बेसिल आजारी पडतं. खत जपून: महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरे. युरियाचं पाणी दिलं तर पान हाताएवढं होईल, पण चुरगळल्यावर वास येणार नाही, आणि बेसिल लावतो ते वासासाठीच.

खालची पानं एकसारखी पिवळी पडत असतील तर बहुधा पाणी जास्त झालंय. कुंडीच्या भोकात काडी घालून पाहा. नवी पानं फिकट आणि शिरा तेवढ्या हिरव्या, तर मुळांना लोह मिळत नाही. राख किंवा चुना जास्त पडल्यावर असं होतं.

सगळ्यात घातक रोग केवडा. अथणीकडच्या द्राक्षवाल्यांना हा शब्द नवा नाही, बेसिलवर येणारा याच प्रकारचा रोग. पानाच्या वरच्या बाजूला शिरांच्या मधल्या जागा पिवळ्या पडतात, खत कमी झाल्यासारखं वाटतं. म्हणून पान उलटून पाहायची सवय हवी: खाली करडी-जांभळट भुकटी दिसली तर तो केवडाच. भुकटी दिसलेली झाडं पिशवीत बांधून फेकून द्या, शेणखताच्या खड्ड्यात टाकू नका. थाई बेसिलला हा त्रास त्या मानाने कमी.

एका बाजूच्या फांद्या भर पाण्यात मान टाकत असतील आणि खोड चिरल्यावर आत तपकिरी रेघा दिसत असतील तर ती मर. औषध नाही. त्या कुंडीच्या मातीत पुन्हा बेसिल किंवा सब्जा लावू नये.

मावा, पांढरी माशी आली तर पानाच्या पाठीमागून पाण्याचा जोराचा फवारा, सलग तीन सकाळी. नाही आटोपलं तर एक लिटर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली सौम्य साबणाचं पाणी, संध्याकाळी. पण निंबोळी तेलाचा कडू वास पानात उतरतो. पुढच्या आठवड्यातली खुडणी फेकून द्यायची तयारी असेल तरच मारा. पावसाळ्यात पानांना मोठी वेडीवाकडी भोकं दिसली आणि अळी सापडत नसेल तर रात्री बॅटरी घेऊन बघा, शेंबडी गोगलगाय असते. हाताने वेचणं हाच उपाय.

स्वयंपाकघरात

बेसिलचा वास उडून जाणारा असतो. त्यातलं युजेनॉल हे सुगंधी द्रव्य लवंगेतलंच, म्हणून पान चावल्यावर मागाहून लवंगेची चव येते. फोडणीत घातलं की हा वास मिनिटभरात छपरापर्यंत जातो आणि पातेल्यात काळी, कडू पानं राहतात. कढीपत्त्यासारखं ते तेलात टाकायचंच नाही. गॅस बंद केल्यावर घालायचं आणि दोन मिनिटं झाकण ठेवायचं. कांदा-लसूण चटणी किंवा गोडा मसाला पडलेल्या भाजीत बेसिल वाया जातं. बेळगाव बासमतीच्या भातातही घालू नये. त्या तांदळाला स्वतःचा घमघमाट आहे, दोन वास एकमेकांना मारतात. बेसिलला टोमॅटो, बटाटा, काकडी, दही, पनीर, अंडं, लसूण असं साधं सोबती लागतं.

‘पेस्टो’ हा शब्द इटालियनमधल्या कुटणं या अर्थाच्या क्रियापदावरून आला. म्हणजे तो इटलीतल्या जिनोआचा ठेचाच. तिथे चिलगोज्यासारखी पाइनची बी घालतात. आपल्याकडे खानापूर-चंदगडचा काजू हाताशी आहे आणि तो यात उत्तम बसतो. शेंगदाण्याने होतो, पण चव सरळ चटणीकडे जाते.

५० ग्रॅम नुसती पानं (दाबून भरलेल्या दोन वाट्या), ३० ग्रॅम काजू, लसणाची एकच छोटी पाकळी, पाव चमचा जाडं मीठ, ३० ग्रॅम किसलेलं चीज, ६० मिली तेल. पारंपरिक परमेसान चीजमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारं द्रव्य) असतं, शाकाहारी घरात पाकिटावर पाहून घ्यावं. साधं प्रोसेस्ड चीज चालतं, मग मीठ निम्मं करा. तेल ऑलिव्हचं असलं तर बरं. घाण्याचं शेंगतेल भाकरीवर कितीही छान लागलं तरी इथे बेसिलला दाबून टाकतं. त्यापेक्षा रिफाइंड सूर्यफूल तेल घ्या.

पानं धुऊन फडक्यावर पूर्ण कोरडी करा. ओल्या पानांचा पेस्टो पाणी सोडतो आणि लवकर खराब होतो. खलबत्त्यात आधी लसूण-मीठ, मग काजू, मग थोडी थोडी पानं घेऊन बत्ता गोल फिरवत कुटा. वरून ठोकण्यापेक्षा रगडण्याने पान मऊ होतं. शेवटी चीज आणि तेल. मिक्सरमध्ये करायचा तर भांडं आणि पातं २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, काजू-लसूण-तेल आधी फिरवून घ्या, मग पानं घालून दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. सलग फिरवलं की पातं तापतं आणि हिरवा रंग शेवाळी होतो. रंग चार दिवस टिकवायचा असेल तर पानं उकळत्या पाण्यात ५ ते १० सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका आणि घट्ट पिळा. वास किंचित कमी होतो, रंग मात्र पक्का राहतो.

हा पेस्टो ज्वारीच्या गरम भाकरीवर लोण्यासारखा पसरून खावा. पास्त्यात घालायचा तर जिनोआकडची जुनी रीत बेळगावकरांना सोयीची आहे, कारण तिच्यात बटाटा आणि फरसबीही पडते. तिघांसाठी २०० ग्रॅम पास्ता, एक मध्यम बटाटा दीड सेंटिमीटरच्या फोडी करून, दहा-बारा फरसबीच्या शेंगा. दोन लिटर पाण्यात २० ग्रॅम मीठ. पाणी उकळलं की पास्ता आणि बटाटा एकदम, पाच मिनिटांनी फरसबी. शिजल्यावर वाटीभर पाणी बाजूला काढून बाकीचं निथळा. गॅसवरून उतरवून चार मोठे चमचे पेस्टो आणि ते पिठूळ पाणी दोन-तीन चमचे घालून ढवळा. पुन्हा गॅसवर ठेवू नका, चीजचे गोळे होतात.

टोमॅटोचा सॉस याहून सोपा. एक किलो पिकलेले टोमॅटो गरम पाण्यातून काढून साल काढा आणि हाताने चुरा. तीन चमचे तेलात चार लसूण पाकळ्या चेचून मंद आचेवर नुसत्या पांढुरक्या परता, टोमॅटो आणि चमचाभर मीठ घाला, ३५-४० मिनिटं उघडं शिजवा. गावठी टोमॅटो आंबट असतो, हरभऱ्याएवढा गूळ घाला. गॅस बंद करून १५ पानं हाताने फाडून टाका.

थाई बेसिल शेवटच्या अर्ध्या मिनिटाला मोठ्या आचेवरच्या भाजीत चालतं. त्याचं पान दणकट. थाई लोकांच्या ‘पॅड क्रापाव’ या परतलेल्या पदार्थात मात्र खरं तर तुळशीच्याच जातीचं पान पडतं. वृंदावनातल्या तुळशीला हात लावायचा नसेल तर थाई बेसिलने काम भागतं, चव थोडी गोडसर येते.

ठेवण

तोडलेल्या फांद्या फ्रिजमध्ये ठेवू नका, थंडीने पानं काळी पडतात. दांडे पाण्यात बुडवून ओट्यावर ठेवा, वरून पातळ पिशवी सैल घाला. चार-पाच दिवस ताज्या राहतात. जास्त खुडणी झाली तर पानं थोड्या तेलात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा आणि तीन-चार महिन्यांत वापरा. ताजी पानं किंवा लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवणं मात्र धोक्याचं: हवा न पोचणाऱ्या तेलात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि त्याचा वास-चव काही कळत नाही. असं तेल फ्रिजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा. पेस्टोलाही हाच नियम.

एप्रिलमध्ये झाड म्हातारं झालं की शेवटचे तुरे फुलू द्या. तुरा पूर्ण तपकिरी, कुरकुरीत झाला की कागदी पिशवीत उलटा टांगा, चोळा आणि सुपात पाखडा. जवळ सब्जा किंवा दुसरं बेसिल फुललेलं असेल तर संकर होतो. मूळ वाण हवा असेल तर एका वेळी एकच फुलू द्या. हे घरचं बी चमचाभर वाटीभर पाण्यात १५-२० मिनिटं भिजवून सरबतात घालता येतं. पाकिटातलं रंग लावलेलं बी मात्र कधीही खाऊ नये, त्यावर बुरशीनाशक असतं. पेरण्यापुरतं बी कोरड्या डबीत तारीख घालून ठेवलं की तीन-चार वर्षं उगवतं.